रीडिंग नाचतंय? मापनाच्या सर्किटसाठी फिल्टर कसा निवडायचा

एका हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये मी ओव्हनला डेटा लॉगर लावला होता. के टाइप थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर), त्यापुढे सिग्नल १०० पट मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि मग साधा आर्डुइनो उनो, दर १०० मिलीसेकंदाला एक रीडिंग. ग्राफ काढला तर तापमान तीन डिग्री वर, तीन डिग्री खाली, अगदी सुबक लाट, कधी पंधरा सेकंदांची तर कधी जवळजवळ मिनिटभराची. मला वाटलं कंट्रोलरचं ट्युनिंग बिघडलंय, आणि दोन दिवस तेच करत बसलो. शेवटी ओव्हनवर काम करणारे काका म्हणाले, "साहेब, आत अडीचशे किलो माल आहे, तो काय वीस सेकंदांत तापतो आणि निवतो होय?" त्यांचं बरोबर होतं. ती लाट भट्टीत नव्हतीच, लाइटच्या ५० हर्ट्झची होती, आणि माझ्या सॅम्पलिंगने, म्हणजे ठरावीक वेळाने रीडिंग घेण्याने, तिला हळू चालीची करून माझ्यासमोर ठेवली होती.

तेव्हापासून कोणी नवीन मुलगा-मुलगी विचारायला आलं की "रीडिंग हलतंय, कुठला कपॅसिटर लावू?" तर मी आधी कपॅसिटरचं बोलतच नाही, आधी दोन गोष्टी विचारतो, तुझा खरा सिग्नल किती वेगाने बदलतो आणि जे हलतंय ते नेमकं काय आहे. ही दोन उत्तरं हातात असली की फिल्टर, म्हणजे नको त्या फ्रिक्वेन्सी अडवणारं सर्किट किंवा प्रोग्रॅम, निवडणं म्हणजे कागदावर चार ओळींचं गणित आहे, आणि नसली तर कितीही भारी फिल्टर लावा, अंधारात दगड मारल्यासारखंच.

पायरी १: खरा सिग्नल किती वेगाचा आहे ते लिहून काढा

खरंच कागदावर लिहा. ओव्हनचं तापमान सेकंदाला फार तर डिग्रीच्या काही भागाने बदलतं, म्हणजे १ हर्ट्झच्या वरचं काहीही आपल्या कामाचं नाही. टेबलावरचा वजनकाटा असेल तर माणूस वस्तू ठेवून अर्ध्या-एक सेकंदात आकडा स्थिर व्हायची वाट बघतो, तिथे ३ ते ५ हर्ट्झ भरपूर झाले. पेशंटच्या मॉनिटरवरचा ईसीजी साधारण ०.५ ते ४० हर्ट्झमध्ये बघतात, पण निदानासाठी काढलेल्या ईसीजीला ०.०५ ते १५० हर्ट्झ लागतात, आणि बघा, ५० हर्ट्झ बरोबर त्याच्या पोटात बसलाय, म्हणून ते काम अवघड. बेअरिंगचं व्हायब्रेशन बघायचं तर काही किलोहर्ट्झपर्यंत जावं लागतं.

सिग्नल चढायला लागणारा वेळ माहीत असेल तर एक सोपा हिशोब आहे. १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत चढायला जेवढे सेकंद लागतात त्याने ०.३५ ला भागा, तेवढे हर्ट्झ तरी फिल्टरने आत सोडलेच पाहिजेत. ०.१ सेकंदात चढणारा सिग्नल असेल तर ३.५ हर्ट्झ, आणि चढण फिल्टरमुळे गोल होऊ नये असं वाटत असेल तर त्याच्या तीन-चार पट जागा ठेवा.

पायरी २: हलतंय ते काय आहे ते ओळखा

लाट पडद्यावर दाखवणारा स्कोप (ऑसिलोस्कोप) असेल तर उत्तमच, अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर प्रोब लावा, टाइमबेस ५ मिलीसेकंद प्रति घर ठेवा आणि बघा. चार घरांत एक पूर्ण लाट म्हणजे २० मिलीसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झ, वायरिंगमधून किंवा अर्थ लूपमधून आलेला हम. दोन घरांत एक लाट म्हणजे १०० हर्ट्झ, बहुतेक वेळा पॉवर सप्लायच्या रेक्टिफायरचा रिपल. बारीक दाट केसासारखी खरखर दिसली तर जवळपासची व्हीएफडी ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारी) किंवा एसएमपीएस (स्विचिंगवाला पॉवर सप्लाय), ड्राइव्हचं स्विचिंग साधारण २ ते १६ किलोहर्ट्झ असतं आणि त्याच्या कडा एवढ्या तीक्ष्ण असतात की त्यातून मेगाहर्ट्झपर्यंतचा कचरा निघतो. मधूनच एखादा उंच काटा उभा राहत असेल तर कुठेतरी कॉन्टॅक्टर किंवा रिले उघडझाप करतोय. आणि काहीच ठरावीक आकार नसलेली सगळीकडची खरखर म्हणजे सर्किटचा स्वतःचा नॉइज.

स्कोप नसेल तरी अडत नाही. इनपुटच्या दोन्ही वायर सेन्सरच्या टोकाला जोडून शॉर्ट करा, हलणं थांबलं तर सेन्सरकडून येतंय, नाही थांबलं तर वायरमधून किंवा बोर्डातूनच येतंय. मग शेजारची ड्राइव्ह, ट्यूब, चार्जर एकेक बंद करून बघा. लॅपटॉपचा चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवून बघा, कितीतरी वेळा तिथेच निकाल लागतो.

आणि हळू चालीची लाट दिसली तर ही एक युक्ती कायम लक्षात ठेवा, सॅम्पलिंगचा वेळ थोडासा बदला. मी १०० मिलीसेकंदाचे १०१ केले आणि वीस सेकंदांची लाट एकदम दोन-सव्वादोन सेकंदांची झाली. भट्टीला माझ्या प्रोग्रॅममधला आकडा कसा कळणार? सॅम्पलिंग बदललं की लाटेचा वेग बदलतो, म्हणजे ती लाट खरी नाही, इतकं सरळ आहे.

हे का होतं ते लेथवर काम केलेल्याला पटकन कळतं. जुन्या चोकवाल्या ट्यूबखाली फिरणारा चक कधीकधी थांबल्यासारखा किंवा हळूहळू उलटा फिरल्यासारखा दिसतो, कारण ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद होते आणि डोळ्याला चक ठरावीक क्षणालाच नीट दिसतो. सेकंदाला १० रीडिंग घेतली की दोन रीडिंगच्या मध्ये ५० हर्ट्झच्या बरोबर पाच लाटा जातात, म्हणून प्रत्येक रीडिंग लाटेच्या त्याच जागी पडतं. पण लाइट अगदी ५०.०० हर्ट्झ कधीच नसते, आपल्या ग्रिडचा ठरवलेला पट्टाच ४९.९० ते ५०.०५ असा आहे, शिवाय उनोच्या बोर्डाचं घड्याळही थोडं इकडे-तिकडे असतं. ४९.९५ असेल तर फरक ०.०५ हर्ट्झचा, म्हणजे वीस सेकंदांची लाट. ग्रिड हलला की लाटेची लांबीही बदलते. यालाच अलायझिंग म्हणतात.

पायरी ३: फिल्टरच्या आधी वायर बघा

ही पायरी लिहायला दोन मिनिटं लागतात पण करायला नवीन लोक सगळ्यात जास्त कंटाळतात. सिग्नलच्या दोन्ही वायरी एकमेकींना पिळ देऊन न्या, मोटरच्या केबलच्या ट्रेमधून नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. अशा हळू सिग्नलला शील्डचं अर्थिंग एकाच बाजूला करा, शक्यतो पॅनलच्या बाजूला. के थर्मोकपल एका डिग्रीला फक्त ४१ मायक्रोव्होल्टच्या आसपास देतं, इतक्या नाजूक सिग्नलची वायर ड्राइव्हच्या केबलला चिकटवून नेली तर पुढे कोणता फिल्टर पुरणार?

पायरी ४: एडीसीच्या (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाच्या) आधी फिल्टर हवाच

नवीन लोकांची इथे सगळ्यात मोठी चूक होते, कारण सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅव्हरेज काढणं फुकट आहे आणि रेझिस्टर-कपॅसिटर सोल्डर करावे लागतात. पण सॅम्पल घेताना जी लाट हळू चालीची होऊन आत शिरली ती खऱ्या सिग्नलमध्ये दुधात पाणी मिसळावं तशी मिसळलेली असते, नंतर कुठलाच प्रोग्रॅम ती वेगळी करू शकत नाही. नियम असा की सेकंदाला जितकी सॅम्पल घेता त्याच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीच्या वरचं जे काही आहे ते एडीसीपर्यंत पोचायच्या आधीच खाली दाबलेलं पाहिजे.

आता साधा आरसी फिल्टर. वायरीत एक रेझिस्टर, त्याच्या पुढून ग्राउंडला एक कपॅसिटर, झालं. कटऑफ, म्हणजे जिथून फिल्टर दाबायला लागतो ती फ्रिक्वेन्सी, काढायचं सूत्र पुस्तकात १ भागिले २ पाय आर सी असं असतं, पण रोजच्या कामाला मी असं करतो: रेझिस्टर किलोओहममध्ये, कपॅसिटर मायक्रोफॅरडमध्ये, दोघांचा गुणाकार, आणि त्याने १५९ ला भागायचं, उत्तर हर्ट्झमध्ये. १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड म्हणजे १५.९ हर्ट्झ. १ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड म्हणजे १५९० हर्ट्झ.

कटऑफ म्हणजे तिथे दरवाजा बंद होतो असं समजू नका. कटऑफवर सिग्नल ७० टक्के उरलेला असतो, आणि त्यापुढे दर दहापट फ्रिक्वेन्सीला दहापट कमी होत जातो. म्हणजे १५.९ हर्ट्झचा आरसी ५० हर्ट्झला फक्त ३.३ पट कमी करतो, पण १००० हर्ट्झला ६३ पट. हे आकडे समजले की पुढची वाट आपोआप दिसते.

ओव्हनला मला १.६ हर्ट्झ कटऑफ चालला असता, ५० हर्ट्झ ३१ पट कमी झाला असता. पण त्याला १० किलोओहमबरोबर १० मायक्रोफॅरड लागतो, आणि एवढ्या किमतीचा हाताशी असतो तो इलेक्ट्रोलिटिक, तो थोडा करंट गळतो. १ मायक्रोअँपिअर जरी गळला तरी १० किलोओहमवर १० मिलिव्होल्ट पडतात, माझ्या सर्किटमध्ये डिग्रीला ४.१ मिलिव्होल्ट होते, म्हणजे जवळजवळ अडीच डिग्रीची चूक आणि तीही कपॅसिटर गरम झाला की बदलणारी. रेझिस्टर १०० किलोओहम करून कपॅसिटर लहान ठेवला तर एडीसीला तो आवडत नाही, उनोच्या एडीसीला १० किलोओहम किंवा कमी सोर्स अपेक्षित आहे.

म्हणून मी काम वाटून दिलं. एडीसीच्या आधी १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड, आणि सॅम्पलिंग सेकंदाला १० ऐवजी १०००. आता निम्मी फ्रिक्वेन्सी ५०० हर्ट्झ झाली, म्हणजे ५० हर्ट्झ हळू चालीचं रूप घेऊच शकत नाही, तो ५० हर्ट्झ म्हणूनच आत येतो आणि आत आल्यावर त्याला मारणं सोपं आहे. जो नॉइज खोटी हळू लाट बनू शकतो तो आता १००० हर्ट्झच्या आसपासचा, आणि त्याला आरसीने ६३ पट दाबलंय. बाकी काम प्रोग्रॅमचं, ते पुढे सांगतो.

कपॅसिटर घेताना एवढं बघा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर नुसतं "एक मायक्रोफॅरड द्या" म्हणू नका, फिल्म कपॅसिटर मागा, चौकोनी डबीसारखा पॉलिस्टरचा मिळतो. त्यावर १०५ लिहिलेलं असेल तर १ मायक्रोफॅरड, १०४ असेल तर ०.१. पुढे इंग्रजी J अक्षर असेल तर ५ टक्के टॉलरन्स (किमतीतला फरक), K असेल तर १० टक्के, M असेल तर २० टक्के, J वाला घ्या. सिरॅमिकमध्ये एक्स७आर प्रकार छोटा आणि स्वस्त असतो पण त्यावर डीसी व्होल्टेज आलं की त्याची किंमत कमी होते आणि तो ठोकला तर थोडं व्होल्टेजही देतो, पॉवर सप्लायला छान, मापनाच्या वाटेत नको. लहान किमतीत सी०जी प्रकारचा सिरॅमिक मात्र अगदी स्थिर असतो.

पायरी ५: थांबायची किती तयारी आहे?

प्रत्येक फिल्टर वेळ खातो. आरसीमध्ये आर गुणिले सी एवढे सेकंद धरा, १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडला १० मिलीसेकंद. सिग्नलने उडी मारली की अशा ४.६ पट वेळाने चूक १ टक्का उरते, ६.९ पट वेळाने ०.१ टक्का, आणि १६ बिटच्या एडीसीचा शेवटचा बिट खरा हवा असेल तर साधारण ११ पट थांबा. एका एडीसीवर चार चॅनल आलटून-पालटून वाचत असाल आणि फिल्टर मल्टिप्लेक्सरच्या (चॅनल बदलणाऱ्या स्विचच्या) नंतर लावला असेल तर प्रत्येक वेळी एवढं थांबावं लागेल, नाहीतर शेजारच्या चॅनलचा अंश ह्या चॅनलमध्ये दिसेल. म्हणून प्रत्येक चॅनलला वेगळा आरसी, मल्टिप्लेक्सरच्या आधी.

पायरी ६: साधा आरसी पुरला नाही तर

सिग्नल आणि नॉइज एकमेकांच्या जवळ असतील तर उतार जास्त तीव्र हवा, मग ऑप-अ‍ॅम्प वापरून दोन किंवा चार पोलचा फिल्टर करतात, जितके पोल तितका उतार तीव्र, साधा आरसी म्हणजे एक पोल. सॅलेन-की हे त्याचं सगळ्यात परिचित सर्किट, १९५५ पासून चालत आलंय, एक ऑप-अ‍ॅम्प, दोन रेझिस्टर, दोन कपॅसिटर. तेच सर्किट वेगवेगळ्या किमती टाकून तीन स्वभावांचं करता येतं, आणि निवड ह्या स्वभावाचीच करायची असते.

बटरवर्थ हा कटऑफपर्यंत सगळ्या फ्रिक्वेन्सींना जवळपास सारखं वागवतो, म्हणून व्हायब्रेशन किंवा ऑडिओसारखं, जिथे लाटेची उंची मोजायची आहे तिथे तो घ्या. पण सिग्नलने एकदम उडी मारली की तो थोडा पुढे जाऊन परत येतो, दोन पोलचा ४ टक्क्यांच्या वर, चार पोलचा जवळजवळ ११ टक्के. हॉपरमध्ये १० किलो माल धपकन पडला तर काटा क्षणभर ११ किलो दाखवेल, आणि त्याच आकड्यावर मशीन गेट बंद करत असेल तर पोतं कमी भरेल. वजन, दाब, पल्स, जिथे आकार आणि उडी महत्त्वाची तिथे बेसेल, त्याचा उतार सौम्य पण पुढे जाणं १ टक्क्याच्याही आत. चेबिशेव्हचा उतार तीव्र असतो पण आतल्या फ्रिक्वेन्सींना तो वर-खाली करतो, नवीन माणसाने मापनात त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

५० हर्ट्झसाठी नॉच फिल्टर (एकाच फ्रिक्वेन्सीला खड्डा पाडणारा) लावू का, हा प्रश्न हमखास येतो. ट्विन-टी नॉच करता येतो, १०० नॅनोफॅरड आणि ३१.८ किलोओहम, पण कपॅसिटर ५ टक्के इकडे-तिकडे झाले की खड्डा ५० वर न पडता शेजारी पडतो, आणि १०० किंवा १५० हर्ट्झला तो पुरेसा दाबत नाही. ईसीजीसारखं, जिथे ५० हर्ट्झ सिग्नलच्या आतच आहे, तिथे त्याला पर्याय कमी. तापमान आणि वजनाला मी तो लावत नाही.

पायरी ७: आता प्रोग्रॅममधला फिल्टर

अ‍ॅव्हरेज किती सॅम्पलचं काढायचं? बहुतेक जण १० किंवा १६ लिहितात कारण आकडा सोपा आहे. तसं नको, वेळेकडे बघा. अ‍ॅव्हरेज बरोबर २० मिलीसेकंदांचं काढलं तर ५० हर्ट्झची एक पूर्ण लाट त्यात येते, वरचा भाग आणि खालचा भाग एकमेकांना खाऊन टाकतात, आणि १००, १५०, २५० हर्ट्झही त्याच दणक्यात जातात. चांगल्या बेंच मल्टिमीटरवर एनपीएलसी नावाची सेटिंग असते ती हीच, १ म्हणजे लाइटच्या एका लाटेएवढा वेळ मोजणं, आपल्याकडे २० मिलीसेकंद. मी ओव्हनला सेकंदाला १००० सॅम्पल घेऊन १०० चं अ‍ॅव्हरेज केलं, म्हणजे १०० मिलीसेकंद, पाच पूर्ण लाटा, आणि परत सेकंदाला १० रीडिंग मिळायला लागली. तीच वायर, तोच ओव्हन, आणि ती लाट ग्राफवरून साफ गेली. सॅम्पल मात्र ठरावीक वेळानेच पडली पाहिजेत, टायमर इंटरप्ट वापरा, प्रोग्रॅममध्ये नुसता डिले टाकून मध्ये सिरीयल प्रिंट करत बसलात तर वेळ सरकतो आणि हे सगळं गणित ढासळतं.

काटे येत असतील तर अ‍ॅव्हरेजच्या आधी मीडियन. पाच सॅम्पल घ्या, चढत्या क्रमाने लावा, मधलं उचला. एकटा काटा कितीही उंच असला तरी तो टोकाला जातो आणि फेकला जातो. अ‍ॅव्हरेज मात्र तोच काटा सगळ्यांत वाटून टाकतं, म्हणून क्रम उलटा करू नका.

आणि आकार नसलेल्या खरखरीला अ‍ॅव्हरेज कसं कमी करतं ते पण माहीत असू द्या, १०० सॅम्पलचं अ‍ॅव्हरेज खरखर १०० पट नाही, १० पट कमी करतं, वर्गमूळाच्या हिशोबाने.

लोडसेलवाल्यांसाठी थोडं वेगळं

लोडसेल (वजनाचा सेन्सर) बहुतेक २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा असतो, ५ व्होल्ट दिले तर पूर्ण वजनाला १० मिलिव्होल्ट. १० किलोचा सेल असेल तर एक ग्रॅमला एक मायक्रोव्होल्ट! म्हणून इथे दोन्ही सिग्नल वायरींत सारखा रेझिस्टर आणि दोन वायरींच्या मध्ये कपॅसिटर लावतात. समजा प्रत्येक वायरीत १ किलोओहम, मध्ये १ मायक्रोफॅरड, आणि प्रत्येक वायरीपासून ग्राउंडला एकेक ०.१ मायक्रोफॅरड, कटऑफ येतो सुमारे ७६ हर्ट्झ. ग्राउंडवाले दोन्ही मधल्याच्या एक दशांश किंवा त्याहून लहान ठेवायचे, कारण ते दोघे अगदी तंतोतंत सारखे कधीच नसतात, आणि मोठे ठेवले तर त्यांच्यातल्या फरकामुळे दोन्ही वायरींवरचा सारखा हम खोटा सिग्नल होऊन बसतो. जवळ मोबाइल किंवा वॉकी-टॉकी वापरला की आकडा उडी मारत असेल तरी हाच इलाज, कारण अ‍ॅम्प्लिफायरच्या आत रेडिओ लहरीचं डीसी होऊन गेलं की पुढे कोणीच ते काढू शकत नाही.

एचएक्स७११ (लोडसेलसाठीची एडीसी चिप) वापरत असाल तर त्यात सेकंदाला १० किंवा ८० रीडिंग असे दोन वेग आहेत. १० वर ठेवलं तर ५० आणि ६० हर्ट्झ दोन्ही तो स्वतःच मारतो, पण वजन बदलल्यावर खरा आकडा यायला ४०० मिलीसेकंद लागतात. ८० वर ५० मिलीसेकंद लागतात आणि हम परत यायला लागतो. दुकानातल्या काट्याला १० च ठेवा. चालत्या बेल्टवर वजन करायचं असेल तर ८० आणि वायरिंगवर मेहनत.

शेवटची पायरी: तपासून बघा

फिल्टर लावल्यावर रीडिंग शांत झालं म्हणून पॅनल बंद करू नका, मेलेलं सर्किटही शांतच असतं. थर्मोकपल गरम पाण्यातून काढून बर्फाच्या पाण्यात टाका, काट्यावर माहीत असलेलं वजन एकदम ठेवा आणि उचला, आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून किती वेळात आकडा खऱ्या जागी येतो ते मोजा. तो वेळ पायरी १ ला कागदावर लिहिलेल्या वेळेत बसला पाहिजे. मग ड्राइव्ह पूर्ण लोडवर चालू करून परत बघा, कारण दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळं बंद असताना घेतलेली टेस्ट टेस्टच नाही. सगळं जमलं की रेझिस्टर, कपॅसिटर, सॅम्पलिंगचा वेग आणि किती सॅम्पलचं अ‍ॅव्हरेज हे चार आकडे कागदावर लिहून पॅनलच्या दाराला आतून चिकटवा, दोन वर्षांनी जो दुरुस्तीला येईल तो बोर्ड बदलताना १०० चं अ‍ॅव्हरेज काढून १६ करणार नाही.